पहिल्या पाळीचं गृहखातं

१४ जुलै १९५७, रविवार
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची फेब्रुवारीत का थांबली ते आठवत नाही. बहुधा कामाचा व्याप.
कारण मोठं आहे. पंधरा ऑगस्टला आमच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या क्लबात अभिरूप लोकसभा भरणार. म्हणजे लुटुपुटीची, पण सगळं खऱ्यासारखं. कामगारांनी खात्याखात्यातून एकवीस सभासद निवडायचे आणि त्यांनी साऱ्या देशाचं सरकार बनवायचं. वेल्फेअर ऑफिसर साहेबांनी तशी नोटीस लावली आहे. खाली बारीक अक्षरात एक ओळ : कॉलनीविषयी एखादा ठराव मंजूर झाल्यास मॅनेजरसाहेब तो खरोखर अमलात आणतील.
टाइम ऑफिसात तीन वर्षं मी माणसांच्या येण्याजाण्याची नोंद करतो. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा इथं कोण आहे? पंतप्रधानपदासाठी दुसरं नाव दिसत नाही.
संकल्प : रोज पहाटे अर्धा तास राज्यघटना वाचणे.

१५ जुलै, सोमवार
घटनेची प्रत मिळाली नाही. उद्यापासून.

१९ जुलै, शुक्रवार
निकाल लागले. भट्टीवाले सहा, मशीनशॉपचे पाच, आम्ही ऑफिसवाले चार, पॅकिंगच्या बायका तीन, आणि बागकाम-पहारा मिळून चिंचवडगावचे जुने लोक तीन. मी बिनविरोध. (दुसरा उमेदवार रजेवर तळेगावला होता.)
अकरा कुणाकडेच नाहीत. म्हणजे संयुक्त मंत्रिमंडळ. इतरांना ही अडचण वाटते. मला ही संधी दिसते. भट्टीचा पुढारी ज्योतीराम आणि मशीनशॉपचा आबाजी यांच्यात दोन वर्षं बोलणं नाही. गणपतीत पेट्रोमॅक्सची बत्ती कुणी फोडली, यावरून. ते एकत्र आले तर अकरा होतात, पण येणार नाहीत. दोघांच्या मधे उभा राहू शकेल असा माणूस एकच.

२१ जुलै, रविवार
सौ.चं म्हणणं, पंतप्रधान होताय तर आधी पाण्याचं बघा. कॉलनीत चार चाळी आणि दोन नळ. पाणी सकाळी अर्धा तास, तेही पवनेचं, या दिवसांत चहाच्या रंगाचं. धाकटीचं पोट पुन्हा बिघडलं आहे. उकळून दिलं तरी तळाशी गाळ बसतो.
मी शब्द दिला. माझ्या सरकारचा पहिला ठराव पाण्याचा. पॅकिंगमधल्या आक्काबाई नळावर होत्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "दौलतराव, बगा हां. बायकांची तीन मतं तुमाला, पर पाणी आमाला."
तीन मतं खिशात. राजकारण म्हणजे हेच.

२३ जुलै, मंगळवार
ज्योतीरामकडे गेलो. चहा झाला. त्याला गृहखातं हवं. बाकी काही नको म्हणाला. उदार माणूस. दिलं.

२४ जुलै, बुधवार
आबाजीकडे गेलो. त्याला गृहखातं हवं. शिवाय रेल्वे, कारण कोकणात रेल्वे आणल्याशिवाय त्याला रत्नागिरीला तोंड दाखवता येणार नाही. ज्योतीरामला गृहखातं दिल्याचं मी बोललो नाही. मुत्सद्देगिरीत गप्प बसण्याला फार किंमत असते.

२५ जुलै, गुरुवार
दोघांना कळलं. कॅन्टीनमध्ये दोघं एकाच वेळी माझ्याकडे आले. एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोघंही मलाच बोलले. बरंच बोलले.

२७ जुलै, शनिवार
तोडगा सापडला! कारखान्यात काम करणाऱ्या माणसालाच सुचेल असा. गृहखात्याच्या दोन पाळ्या केल्या. ज्योतीराम गृहमंत्री, पहिली पाळी. आबाजी गृहमंत्री, दुसरी पाळी. तिसरी पाळी रिकामी राहत होती, पण गेटवरचा भिमाजी म्हणाला की ती तो तशीही सांभाळतोच. त्यालाही घेतलं. एका देशाला तीन गृहमंत्री. चोरांची काय बिशाद?
रेल्वेचंही जमवलं. आहे ती रेल्वे भट्टीवाल्यांना. व्हायची आहे ती आबाजीला.
धाकटी आज पडून होती. सौ.नं विचारलं, पाण्याचं कुठवर आलं? म्हटलं, सरकार तर बनू दे.

२९ जुलै, सोमवार
आक्काबाईंना आरोग्य देऊ केलं. त्यांनी विचारलं, त्यात पाणी येतं का? मी समजावलं की पाणी हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, केंद्रीय मंत्रिमंडळ त्यात थेट पडू शकत नाही. (प्रत अजून मिळालेली नाही, पण हे ठाऊक होतं.) आक्काबाई म्हणाल्या, "मग तुमच्या दिल्लीचा आमाला काय उपेग?"
बाईंना राष्ट्रीय दृष्टी नाही. तरी आरोग्य त्यांच्याच नावावर ठेवलं.
गाववाल्यांचे सोपानराव भेटले. कारखान्याच्या बागेत काम करतात. कारखाना उभा आहे ती जमीन एके काळी त्यांचीच. कुठलं खातं हवं विचारलं, तर म्हणाले, "मला कशाला? तुमी द्याल ते." असा माणूस मंत्रिमंडळात असला की बरं पडतं. बिनखात्याचा मंत्री केलं.

३१ जुलै, बुधवार
मोजदाद केली. एकवीस सभासदांत एकोणीस मंत्री. विरोधी पक्षात दोन. पैकी एक रजेवर.
वेल्फेअर ऑफिसर साहेबांनी यादी पाहिली. बराच वेळ पाहिली. म्हणाले, "दौलतराव, हे सरकार कुणावर राज्य करणार?" साहेबांचा स्वभाव विनोदी.

२ ऑगस्ट, शुक्रवार
एक बारीक अडचण. ज्योतीराम म्हणतो, मशीनशॉपशी गुळपीठ असलेला पंतप्रधान भट्टी मानणार नाही. आबाजी म्हणतो, भट्टीच्या दावणीचा पंतप्रधान मशीनशॉप मानणार नाही. दोघांचा रोख माझ्याकडे. म्हणजे दोन्ही बाजूंना माझं वजन वाटतं!
त्यांना म्हटलं, माझ्याशिवाय कोण? दोघं प्रथमच एकमेकांकडे बघून हसले. मी समेट घडवून आणला, हे आज कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पुढं येईल.

४ ऑगस्ट, रविवार
देशासाठी एक पाऊल मागे घेतलं. उपपंतप्रधान आणि परराष्ट्र, असं ठरलं. पंतप्रधान मागाहून ठरवू. खरी सूत्रं उपपंतप्रधानाकडेच असतात. सौ.ला हे सांगितलं. ती धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. "डॉक्टर म्हणतात पाणी बदला," एवढंच म्हणाली.

६ ऑगस्ट, मंगळवार
परराष्ट्र खातं मशीनशॉपनं मागितलं. त्यांचा एक माणूस लढाईत इराकला जाऊन आला आहे. अनुभव नाकारता येत नाही. सोडलं.
आबाजी-ज्योतीराम आज कॅन्टीनमध्ये एका टेबलावर. मला पाहून बोलणं थांबवलं. आदर.

८ ऑगस्ट, गुरुवार
उपपंतप्रधान हे पद घटनेत नाहीच, असं कुणीसं काढलं. कुणी वाचली घटना? कुठं मिळाली?
संसदीय कामकाज खातं घेतलं. छोटं, पण सगळ्यांना त्याच दारातून जावं लागतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार
आज पंतप्रधान ठरले. मी हजर नव्हतो. हजेरीपुस्तकाचं काम निघालं. भट्टी आणि मशीनशॉप मिळून अकरा झाले आणि दोघांनी मिळून नाव दिलं : सोपानराव.
प्रथम हसू आलं. मग विचार केला. ज्याचं कुणाशी भांडण नाही, ज्याला काही नको, असा माणूस त्यांनी निवडला. दुबळा पंतप्रधान. म्हणजे त्याच्यामागे बुद्धिमान माणूस हवाच. संसदीय कामकाजही सोडून मी आपण होऊन पंतप्रधानांचा पार्लमेंटरी सेक्रेटरी झालो. त्याग म्हणतात तो हा. ज्योतीराम लगेच कबूल झाला, जरा जास्तच लगेच.

११ ऑगस्ट, रविवार
पंतप्रधानांचं भाषण लिहून पूर्ण. बावीस पानं. थांबायचं तिथं लाल शाईची खूण, टाळ्या येतील तिथं निळी. परराष्ट्रधोरण नऊ पानं, पंचवार्षिक योजना आठ. पाणी घालायचं होतं. जागा उरली नाही. शेवटच्या पानावर "तसेच स्थानिक गरजांकडेही सरकारचे लक्ष राहील" असं वाक्य घातलं. त्यात पाणी आलंच.
बागेत जाऊन सोपानरावांना दिलं. ते गुलाबाला आळं करत होते. हात धोतराला पुसून कागद घेतले, कपाळाला लावले. म्हणाले, "लई लिवलंय हो तुमी." म्हटलं, पाठ करू नका, समोर धरून वाचा फक्त. म्हणाले, "बगतो."
थोडक्यात बोलणारा माणूस. माझ्या भाषणाला शोभेल.

१३ ऑगस्ट, मंगळवार
आक्काबाई नळावर भेटल्या. ठरावाचं विचारलं. कार्यक्रमपत्रिकेत वेळ कमी आहे, असं सांगितलं. त्यांनी कळशी उचलली आणि काही न बोलता गेल्या. सौ. मागे उभी होती. तीही काही बोलली नाही.
दोन बायका एकाच दिवशी गप्प. हवा बदलली असावी.

१४ ऑगस्ट, बुधवार
वेल्फेअर ऑफिसर साहेबांनी बोलावलं. मॅनेजरसाहेब सहकुटुंब येणार, गर्दी होणार, दारावर पूर्ण विश्वासाचा माणूस हवा. पास तपासायचे. ज्योतीराम आणि आबाजी दोघांनी एका सुरात माझंच नाव सुचवलं. एवढं एकमत या सरकारात आजवर कशावरच झालं नव्हतं.
मतदानाच्या वेळी आत बोलावतील.

१५ ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळ
चारला सुरू झालं. दारावर मी. कडक शिस्त ठेवली. पास नसलेला एकही माणूस आत गेला नाही. एक गृहस्थ पुण्याहून आले होते, पास नव्हता, म्हणे निरोप दिलेला आहे. मी ऐकलं नाही. वीस मिनिटं वाद. नियम म्हणजे नियम. शेवटी ते परत स्टेशनाकडे गेले. नंतर कळलं, वर्तमानपत्राचे वार्ताहर होते. साहेबांनीच बोलावलं होतं.
त्या वादात आतून टाळ्या ऐकू आल्या. निळ्या खुणेची पहिली जागा असावी, असा अंदाज केला. पण टाळ्या फार लवकर आल्या आणि थांबेनात. मग लोक बाहेरच यायला लागले.
काय झालं ते मला सौ.नं घरी सांगितलं. ती बायकांच्या गॅलरीत होती.
सोपानराव उठले. कागद काढलेच नाहीत. म्हणाले, "मला बोलता येत न्हाई. कॅन्टीनच्या मागं जी बुजवाया काढलेली इहीर हाय, ती माझ्या बानं खांदली. चैतातबी आटत न्हाई. पाणी गोड हाय. तिच्यावर पंप बशिवला तर चारी चाळींस्नी पुरंल. पोरं आजारी पडत्यात. व्हय म्हननाऱ्यांनी हात वर करा."
पहिल्या पाळीच्या गृहमंत्र्यांनी हात वर केला. दुसऱ्या पाळीच्यांनीही केला. आक्काबाईंनी दोन्ही केले. मॅनेजरसाहेबांनी जागेवरूनच हो म्हटलं. सरकार एकंदर चार मिनिटं चाललं.
सौ. सांगत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत माझ्या लोकसभेबद्दल ती पहिल्यांदाच एवढं बोलली. म्हणाली, गॅलरीतल्या बायकांनीही हात वर केले, तिनंही केला, मोजायचे नव्हते तरी. "मागं वळून तुम्हाला शोधत होते," म्हणाली, "तुमचा हात काही दिसला नाही."
मी दारावर होतो, असं सांगितलं.
"हो का," म्हणाली, आणि धाकटीला भात भरवायला उठली.

१७ ऑगस्ट, शनिवार
नोटीस बोर्डावर कामकाजाचा वृत्तांत लागला. ठरावाच्या बाजूनं वीस. विरुद्ध कुणी नाही. गैरहजर एक.
नाव दिलेलं नाही. बरं झालं. वाईटही झालं.

२ सप्टेंबर, सोमवार
विहिरीचं पाणी आज पहिल्यांदा आलं. पहाटे साडेपाचला नळावर रांग. सौ. धाकटीपाशी, म्हणून बादल्या घेऊन मी गेलो. माझा नंबर सतरावा. मागे पाहिलं तर अठरावे सोपानराव, दोन घागरी घेऊन. गावातून इथवर आले होते. म्हणाले, बाच्या इहिरीचं पाणी घरी न्यावं वाटलं.
म्हटलं, तुम्ही पुढं व्हा, तुमच्यामुळे तर हे झालं. म्हणाले, "आता रांग हाय न्हवं?" आणि उभे राहिले.
मग मी विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं. म्हटलं, सोपानराव, माझं भाषण तुम्हाला पसंत पडलं नाही का? एक ओळही वाचली नाहीत.
ते ओशाळले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "वाचाया येत न्हाई मला, दौलतराव. घरी फळीवर ठिवलंय नीट. तुमी कदी इचारलंच न्हाई."
रांग पुढं सरकली. मी बादल्या उचलून पुढं ठेवल्या. पाणी स्वच्छ आहे.