दमदम ते पार्ले

कलकत्ता, ४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

खिदिरपूरच्या गोदीतली नोकरी कायम होते आहे. महिनाअखेर होकार कळवायचा, पण तुमच्या मनाविरुद्ध मी हो म्हणणार नाही.

शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घालायला तू पोचशील का, असं विचारलंत. अहो, दमदम ते सांताक्रूझ आकाशातून साडेसोळाशे किलोमीटर, जेटला अडीच तास! तार मिळाल्यापासून सात तासांत पार्ल्याच्या घरी हजर होईन. आणि रोज जुहूपर्यंत पायी जाणारे तुम्ही, इतक्यात कुठं निघालात? सुनीती म्हणते, सासरे माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत.

आशीर्वाद आहेच, तो वाढता ठेवा.
आपला, विनायक

पार्ले, ९ फेब्रुवारी

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, मला अडीच तास काय सांगतोस? टॅक्सी मिळेना, जागा मिळेना, हे कुठं धरलंस? कागदावरचे सात तास मी मानत नाही. बघतो काय करायचं ते.

सुनीतीस आशीर्वाद.
बाबा

कलकत्ता, २० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

सुखरूप परतलो, राग मात्र उतरलेला नाही.

शुक्रवारी साडेदहाला तार हातात पडली: वडील अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. खाली नाव तुमचंच होतं, पण घाबरलेल्या माणसाला ते दिसतं का? वाढलेलं ताट टाकून धावलो. विमानात जागा नव्हती, एका बंगाली गृहस्थांनी मला रडवेला पाहून आपली दिली. आणि फाटकात तुम्ही उभे, हातात घड्याळ! असली परीक्षा कुणी पोटच्या पोराची घेतं का?

उद्या खरी तार आली, तर विश्वास कसा ठेवू? आणि नोकरीचं काय ते कळवा, दिवस थोडे उरलेत.

रागावलो तरी तुमचाच,
विनायक

पार्ले, २३ फेब्रुवारी

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

चुकलो रे. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलत नाही, भांडी आपटते नुसती.

किती तास लागले, ते मला ठाऊक नाही. तू टॅक्सीतून उतरलास, दोन पायांत दोन निराळे जोडे. बाबा म्हणून गळ्यात पडलास आणि घड्याळ बघायचं राहूनच गेलं. आमच्या वडिलांच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो. ते वाट बघत होते का, हे कुणी सांगितलं नाही. मला मात्र तुझं येणं या डोळ्यांनी बघायला मिळालं.

होकार कळवून टाक, आणि सुखाने तिथं राहा. सुनीतीस आशीर्वाद. तुमचा लोभ आहे, तो पुन्हा तपासणार नाही.
बाबा

ता. क. तारेचं राहिलं. पुढच्या तारेखाली माझं नाव नसेल, आईचं असेल. त्या दिवशी धावू नकोस. नीट जेव, मग नीघ.