मतदारसंघ कोणी मोडला, याविषयी मामांस

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने, कंबर सध्या संपावर आहे.) इकडे घरचे सगळे धडधाकट, छापखाना चालू. तुमचे गुडघे काय म्हणतात? तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट असूनही तुम्ही जिनेच चढता, कारण यंत्राने आपल्याला वर न्यावं हे तुम्हाला पटत नाही, असं ताई सांगत होती. ऐकून बरं वाटलं. स्वभाव शाबूत आहे म्हणजे तब्येतही असणार. मामींना माझा नमस्कार सांगा.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात मी भाषण केलं. दचकू नका, चांगलं झालं. वाचनालयाच्या चिटणीसबाई आल्या आणि म्हणाल्या, आपला संसदेचा जुना मतदारसंघ मोडून इतकी वर्षं झाली, हल्लीच्या मुलांना तो होता हेही ठाऊक नाही, तर त्याचा इतिहास तुम्हीच सांगा. आता माझ्याहून लायक माणूस त्यांना मिळणार कुठे? प्रत्येक निवडणुकीत दोन्ही बाजूंची पत्रकं आमच्याच छापखान्यात निघाली. तुमची सकाळी, त्यांची दुपारी, शाई तीच. अध्यक्षस्थानी कोण होतं हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. माजी खासदार. तुम्ही ज्यांचा उल्लेख 'ते गृहस्थ' यापलीकडे कधी केला नाहीत, तेच.

सुरुवात मी झकास केली. कुणा साहेबाने नकाशावर पेन्सिल फिरवली आणि नदीकाठची गावं डोंगरावरच्या गावांशी एका दावणीला बांधली. काठावरचे डोंगरवाल्यांना अडाणी म्हणत, डोंगरवाले त्यांना लबाड म्हणत आणि दोघांचा खासदार मात्र एकच. काठावरचे ते गृहस्थ दरवेळी निवडून येत, डोंगरावरचे तुम्ही दरवेळी पडायचात. (एकदा तुम्ही इतके जवळ पोचलात की मिरवणुकीला बँडही सांगून ठेवला होता. तो मग त्यांच्याच मिरवणुकीत वाजला.) शेवटी आलो मतदारसंघाच्या मरणावर, आणि तुमच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं ठोकून दिलं: राजधानीत कारस्थान शिजलं, तुम्ही दोघं वैर विसरून सुनावणीला गेलात, खांद्याला खांदा लावून लढलात, पण वरच्यांनी दाद दिली नाही. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात अध्यक्ष काठी टेकत उठले. म्हणाले, "हे खरं नाही. मतदारसंघ आम्ही दोघांनी मोडला."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. हद्दी नव्याने आखणाऱ्या साहेबांपुढे जायला तुम्ही दोघं एकाच गाडीने निघालात, वाटेत एकमेकांचे मुद्दे घोकून घेतलेत. आधी ते बोलले: मतदारसंघ फोडू नका, आम्ही काठावरच्यांनी डोंगरवाल्यांना इतकी वर्षं सांभाळून घेतलंय. 'सांभाळून' हा शब्द कानावर पडला आणि तुम्ही उठलात. मग डोंगरावरचा रस्ता निघाला, नदीचं पाणी निघालं, तो बँडसुद्धा निघाला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोघांना पाणी पाजलं आणि लिहून टाकलं की वेगळं होण्याबाबत दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं. परतताना गाडीत तुम्ही एकमेकांशी चकार शब्द बोलला नाहीत, आणि त्यानंतर आजतागायत नाही.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या भाषणाचं पार भजं झालं होतं. तेव्हा ते पुढे जे म्हणाले ते जसंच्या तसं देतो. "निवडणुका मी जिंकल्या. पण मला नीट ओळखणारा माणूस तो एकच. इतक्या मनापासून पुन्हा कुणी मला शिव्या दिल्या नाहीत." एवढं बोलून ते खाली बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मामा, तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. भाच्याने म्हणू नये. (मामी म्हणतील.)

तुमचा,
छापखानेवाला भाचा

ता. क. त्या गृहस्थांना आता या इतिहासाचं पुस्तक काढायचंय. रोज सकाळी छापखान्यात हजर. तुमच्याविषयी चार चांगल्या ओळी लिहितात, मग चिडून स्वतःच खोडतात, मग माझ्याशी वाद घालतात आणि मी नीट वाद घालत नाही म्हणून हिरमुसतात. माझी कामं खोळंबली आहेत. आठ दिवस त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का? पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. ता. क. तुम्ही टपालाने नकार कळवाल, म्हणून पत्र त्यांच्याच हाती दिलं आहे. तुम्ही मुद्दाम बोलावलंय असं त्यांना सांगितलंय. ऐकून ते लगेच नवा सदरा आणायला गेले, तेव्हा मला खोटं पाडू नका. पत्र जरा लांबलं हे आत्ता लक्षात येतंय. ते अजून दारातच उभे असतील, आणि तेही जिने चढूनच आले असतील. आधी आत घ्या. भांडण बसून करा.