फाटकाजवळच्या डब्यात पाणी

३ ऑक्टोबर

पाऊस आला की माझ्याच घरातली वीज जाते. शेजारी सगळीकडे दिवे लख्ख! शेवटी वायरमनला फोन केला. आली एक बाई. चाळिशीची, खांद्याला पिशवी. फाटकावरच्या दिव्याचा डबा उघडला आणि हाक मारली, "काका, इथं तर तळं साचलंय!"

वायरींचा पाइप डब्यात वरून घातलेला, त्यामुळे पाणी थेट जोडांवर. तिनं तो खालून घेतला. झाकणाखाली नवं रबर बसवलं. वरून, बाजूंनी सिलिकॉन भरलं. खालची फट तशीच. मी म्हटलं, ही राहिली. "राहिली नाही, ठेवलीय. चुकून पाणी शिरलंच तर जाणार कुठून?"

चहा घेतला. बायको गेल्यापासून दुसरा कप फळीवरून खाली उतरलाच नव्हता.

५ ऑक्टोबर

मुलाचा फोन. "बाकी ठीक ना, बाबा?" ठीक.

८ ऑक्टोबर

दिवसभर धो धो. वीज गेली नाही. मी मात्र वाट बघत बसलो — कसली, ते लिहीत नाही.

११ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. वाचणार कोण आहे? आज मेन स्विच बंद करून फाटकाजवळचा डबा उघडला. झाकणाखालचं रबर काढलं. खालची फट चिकटपट्टीनं बुजवली. म्हाताऱ्या, लाज नाही वाटत?

१३ ऑक्टोबर

आत्ताच दवाखान्यातून आलो.

दुपारी पाऊस, वीज गेली. ती तासाभरात हजर. चेहरा उतरलेला. "मी केलेलं काम परत येत नाही हो, काका." मला वर बघवेना. तिनं मेन बंद केलं, बजावलं — मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. मी स्वयंपाकघरात. कप धुतले, बिस्किटं काढली. बाहेरून ती काहीतरी ओरडली. मला एवढंच ऐकू आलं — झालं! लगबगीनं मेन वर केलं. विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवायचं होतं ना!

किंकाळी.

मेन त्याच क्षणी आपोआप पडलं म्हणून ती वाचली. पण स्टुलावरून खाली कोसळली. डावं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर म्हणाली, "मी सांगत होते, 'झालंय काय, बघा.' झाकणाचं रबरच गायब! उंदरानं नेलं की काय?"

मी नेलं, म्हटलं. का, तेही सांगितलं.

तिनं उजव्या हातानं पिशवी खांद्याला लावली. म्हणाली, "बोलवायचं होतं तर नुसतं बोलवायचं."

रिक्षात एकटीच बसून गेली.

१४ ऑक्टोबर

रबर परत बसवलं, फट मोकळी केली. पाऊस पडला. वीज टिकली. काय उपयोग!

१६ ऑक्टोबर

तिला फोन केला. उचलला नाही.

१७ ऑक्टोबर

पुन्हा केला. नाही.

१९ ऑक्टोबर

मुलाचा फोन. "बाकी ठीक ना?" नाही, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा! सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. चिडला नाही. मग, "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत..." बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

त्या बाईचा संसार तिच्या हातांवर चालतो. त्यातला एक मी मोडला. हे कुणाला सांगून हलकं होत नाही.

२३ ऑक्टोबर

तिचा फोन! कसे आहात नाही, काही नाही. "काका, एका शाळेच्या आवारात अकरा डबे बसवायचेत. एका हातानं स्क्रू फिरतो, पण डबा धरायला माणूस लागतो. उद्या सकाळी आठला तयार राहा, घ्यायला येते. आणि मेनच्या आसपास फिरकलात तर याद राखा!"

शर्टाला इस्त्री केली.