भिंतीतले पाच ओहम

आबा, तुम्ही स्वतःचं नाव एवढं मोठं करून ठेवलं कशाला? त्याचाच मला आता जाच होऊन राह्यलाय. वीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी अंबडात कुणाच्या घरी लाइटचं काही बोलायला जावं तर समोरून तेच येतं, तुमच्या वडलांच्या हातचं काम आहे, त्याला काय धाड भरलीय. परवा सोमवारी माझ्या लेकीच्या सासूनं तेच तोंडावर फेकलं. आणि मी, जी कुणाचं ऐकून घेत न्हाई, ते ऐकून घेऊन घरी आले.

लेक बाळंतपणाला माझ्याकडं आलीय. नात सव्वा महिन्याची झाली. शुक्रवारी दोघींना सासरी न्यायचं, बारसं तिकडंच. त्या घराचं वायरिंग तुम्हीच केलेलं, मला तेव्हा बारावं लागल्तं. मागच्या खोलीत भिंतीला लागून पाळणा टांगलाय. महिन्याखाली त्यांनी थंडीसाठी हिटर आणला, तेव्हा मी सहज मीटर धरलं. हिटर चालू असताना बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट, खोलीतल्या प्लगला दोनशे चौदा. सोळा वाटेतच गायब. तारेत अँपिअर आठ. म्हणलं बघू सावकाश. सोमवारी परत धरलं. बोर्डावर तेच दोनशे तीस, प्लगला एकशे पंच्याण्णव. पस्तीस गेले, अँपिअर सात.

तुम्ही मला चौथीतून काढलं आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसवलं. भागाकार तुम्ही शिकवला, फरशीवर चिंचोके मांडून. बाकीचे मिस्तरी अंदाजानं तार जाड-बारीक म्हणायचे, तुम्ही म्हणायचे, अंदाज करणाऱ्याच्या घरी आधी आग लागते. "गेलेल्या व्होल्टाला अँपिअरनं भाग, रोध निघतो. अँपिअरनं गुण, वॅट निघतात. भागाकार सांगतो आजार किती, गुणाकार सांगतो ताप किती." मी चुकले की पक्कडीची मूठ बोटावर बसायची. म्हणून मला कागद लागत न्हाई. सोळाला आठ, रोध दोन ओहम. पस्तीसाला सात, पाच. महिन्यात दोनाचे पाच झाले. आणि पस्तीस साती दोनशे पंचेचाळीस. शंभराचे अडीच बल्ब त्या भिंतीत जळून राह्यलेत आणि उजेड कुठंच न्हाई. मी हात फिरवत गेले. प्लगच्या वर दोन हातांवर भिंत एवढी गरम, जशी तापल्या लेकराची टाळू. नव्या रंगाच्या वासाखाली जळक्या रबराचा वास.

"विहीणबाई, भिंत फोडावी लागंल."

"अहो बाई, कालच रंग दिलाय. शुक्रवारी पन्नास माणूस घरात येऊन राह्यलंय."

"मंग हिटर तरी लावू नका."

"अन् लेकरू गारठू द्यायचं का? स्वतःच्या बापाच्या कामाला नावं ठेवता होय? सोयरीक करताना तर म्हणाल्या होत्या, आबांचा सांधा घर पडलं तरी सुटत न्हाई."

जावई हसला. "मामी, तुमचं मीटरच बदला बरं."

मी निघताना बोर्डावरची ती लाइन सोडवून आले. काल लेकीला सासरहून फोन आला, दुसरा मिस्तरी बोलवून परत जोडली. रंग लवकर वाळावा म्हणून दिवसभर हिटर चालू ठेवलाय म्हणे.

त्या खोलीत, त्याच भिंतीशी, बाराव्या वर्षी तुम्ही मला स्टुलावर चढवलं होतं. तार चाकूनं घासून चकचकीत करायची, सात पीळ द्यायचे, वर कथिलाचा डाख. ऊन मी म्हणून राह्यलंय, हात घामानं निसटतो. तुम्ही सांधा बघता आणि म्हणता, "हा सांधा न्हाई, वेणी झाली. सोड, परत कर." आणि पुढच्या खोलीत चहाला जाता. गवंडी थापी घेऊन उभा, "आटप गं पोरी, माल वाळून राह्यला." मी तशाच सांध्यावर वरून पट्टी गुंडाळते. तुम्ही दारातूनच विचारता, "केला का परत?" मी म्हणते, केला. गिलावा बसतो.

त्याच संध्याकाळी तुम्ही तुमची लाल मुठीची पक्कड माझ्या हातात दिली. "आजपासून तुझी." ती मी अजून वापरते.

आता ती भिंत फोडायला एकच वाक्य बस आहे, हे आबांचं न्हाई, माझ्या हातचं आहे. लेकीला पाठवत न्हाई म्हणलं तरी कारण हेच सांगावं लागणार. सोमवारपासून ते वाक्य माझ्या तोंडात आहे. गावभर माझं दुकान तुमच्या नावावर चालतं, त्यात हे कसं सांगू? आणि तुमचं तरी काय? दुसऱ्या कुणाचा सांधा तुम्ही हात लावल्याशिवाय गिलाव्याखाली जाऊ दिला न्हाई. माझाच का दारातून विचारून सोडला? पक्कड देताना तुम्हाला ठाऊक होतं का?

हा कागद पक्कडीखाली ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार. तुमच्या उत्तरासाठी थांबलेय ही सबब आहे, हे मला कळतं. तरी थांबलेय. आज बुधवार. उद्या दिवस मावळायच्या आत मला सांगा, ठाऊक होतं का न्हाई.