मे महिन्यातल्या लोकरी टोप्या

मंगळवार, १० मार्च

ती. कुसुमताईस,

धाकट्या अंकुशचा सलाम. तुझी कंबर, तुझी नोकरी आणि तिथलं ऊन (पडत असेल तर) ठीक असावं अशी प्रार्थना आहे. इकडे मी बरा आहे. तुझ्या भावजयीचं, रीताचं, बीपी आटोक्यात आहे. चर्चच्या मंडळीतली सातही कुटुंबं खुशाल आहेत आणि त्यांपैकी पाच एकमेकांशी बोलतात.

फोन हातात असताना भावानं पोस्टानं पत्र का धाडलं, असं तुला वाटेल. त्याचं कारण तूच आहेस. मी वॉट्सॲपवर तुला घरचं काही कळवलं की तू त्याचं इंग्रजी करून स्कॉटलंडच्या तुझ्या चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवतेस. मागच्या खेपेस त्यात रीताच्या बीपीचा आकडाही होता. परदेशातली साठ माणसं उभी राहून आपल्या बीपीसाठी प्रार्थना करून राहिली, हे ऐकल्यावर तिचं बीपी आणखी वाढलं. म्हणून हे पत्र, आणि तेही पडद्यावर कोणाला वाचता येणार नाही अशा माझ्या नेहमीच्या अक्षरात.

तू दहा महिन्यांपासून मागत असलेला टोप्यांचा अहवाल आता देतो. तो उशिरा का झाला, ते वाचता वाचता कळेलच.

सुरुवात एका कबुलीनं करतो. गेल्या वर्षी जानेवारीत मी तुला लिहिलं होतं, "इथे कडाक्याची थंडी आहे, त्यामुळे प्रार्थनेला माणसं येत नाहीत." थंडी होती, खोटं नाही. पण त्या रविवारी गावात शंकरपट होता आणि आपली अर्धी मंडळी बैलजोड्या पाहायला गेली होती. (उरलेली अर्धी मंडळी जोड्या हाकायला.) हे लिहायला मला संकोच वाटला, म्हणून मी दोष हवामानावर टाकला. तू ते वाक्य पडद्यावर टाकलंस. आणि तुझ्या चर्चमधल्या आज्यांनी, देव त्यांचं भलं करो, त्याच दिवशी विणायला घेतलं.

टोप्या विणून, बांधून, समुद्रातून येईपर्यंत मे उजाडला. भैय्यालालच्या ऑटोत मागे अकरा खोकी आणि पुढे त्याच्या मांडीला मांडी लावून मी, असे आम्ही भंडाऱ्याहून आलो. त्या दिवशी पारा पंचेचाळीसवर होता. चर्चमध्ये खोकी उघडली तर आत लोकरी टोप्या. लाल, निळ्या, पिवळ्या, काहींवर गोंडे, काहींना कान झाकायच्या पट्ट्या. शिवाय हातमोजे. प्रत्येक टोपीच्या आत दोऱ्यानं टाचलेली एक चिठ्ठी, विणणारीचं नाव आणि दोन शब्द. रीतानं एक टोपी हातात घेतली, टाके निरखले आणि म्हणाली, "काम चांगलं हाय हो. पण हे लोक कॅलेंडर पाहत नाहीत का?" कॅलेंडरचा काही दोष नव्हता.

टोप्या डिसेंबरपर्यंत कुलपात ठेवाव्यात असंच मी ठरवलं होतं. तेवढ्यात तुझा निरोप आला की आज्या म्हणून राहिल्या, मुलांनी टोप्या घातलेले फोटो जूनच्या सुरुवातीला येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या रविवारपर्यंत हवेत. त्यातल्या दोघी नव्वदीच्या पुढच्या आहेत आणि डिसेंबरचं काही सांगता येत नाही, असंही तू लिहिलं होतंस.

फोटोसाठी तलावाच्या पाळीवर (बांधावर) सकाळी साडेसहाची वेळ दिली. तू गाव सोडून पंधरा वर्षं झाली, पण साडेसहा म्हणजे किती, हे तू विसरली नसशील. साडेनऊला बावीस पोरं जमली. सगळ्या गावची होती. आपल्या मंडळीत एवढी पोरं कुठे? टोपी घालायला कोणी तयार होईना, म्हणून उदाहरण घालून द्यावं या हेतूनं मी कानपट्टीची एक जांभळी टोपी स्वतः घातली, हातमोजे चढवले आणि म्हटलं, पाहा, काही होत नाही. ते पाहून पोरांनीही टोप्या चढवल्या, आणि दहाव्या मिनिटाला मी पाळीवरून खाली बेशरमाच्या झुडपात पडलो. पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू ज्या फोटोचं एवढं कौतुक केलंस, ज्यात सगळी मुलं टोप्या घालून खळखळून हसून राहिली, तो त्या क्षणाचा आहे. फोटोत मी नाही, कारण मी खाली होतो.

भैय्यालालनं मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सलाईन लावून त्यांनी विचारलं, "काका, मे महिन्यात लोकरी टोपी कायले घातली?" मी म्हटलं, सेवाकार्य. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि रीताला बाजूला घेऊन, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, ते विचारलं.

मी दोन दिवसांनी गावात परतलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. बातमी एका ओळीची होती: "पाद्र्यानं गावच्या पोरायले टोप्या घातल्या." शब्दाला शब्द खरी. पण ताई, आपल्या भाषेत टोपी घालणे म्हणजे काय, हे तुझ्या आज्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ऐन वेळी आठवलं नाही. परगावाहून कामाला आलेल्यांनी विचारलं, कशी टोपी घातली? किती लोकांना? पोरांनाही सोडलं नाही? आजकालचे दिवस कसे आहेत ते तू तिकडे बातम्यांत पाहतेसच. लोकरीचं खोकं आणि परदेशी पत्ता, एवढं संशयाला पुरतं. शाळेत चाळीस वर्षं ज्यांना पाढे शिकवले त्यांच्यातले दोघं-तिघं समोरून येताना रस्ता बदलायला लागले. हे मात्र मला लागलं. रीता चार दिवस नळावर बायका यायच्या आधीच पाणी भरून यायची.

तक्रार कवडूनं दिली. तोच कवडू, चौथीपर्यंत वर्गात माझ्याच बाकावर शेजारी बसणारा, आता गावचा पोलीस पाटील. ग्रामसभा बसली. सरपंच ललिताबाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, सीधं सांगा. टोप्या घातल्या का नाही?"

"घातल्या."

"काहून?"

"थंडीसाठी."

ललिताबाईंनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. शेवटी मी उभा राहिलो आणि शंकरपटापासून सगळं सांगितलं, अगदी तुला वर सांगितलं तसं. (गावापुढे कबूल केलं आणि बहिणीला सांगायला दहा महिने लागले, याचा मला खेद आहे.) मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. कवडू सोडून. ललिताबाईंनी निकाल दिला की ज्यांनी ज्यांनी टोप्या नेल्या त्यांनी आठ दिवसांत चर्चमध्ये परत कराव्यात, म्हणजे विषय मिटला.

विषय मिटला, पण एकही टोपी परत आली नाही. उलट कुलपात होत्या त्याही लोक मागून घेऊन गेले. ओली टोपी पाण्याच्या बाटलीवर चढवली की पाणी गार राहतं, हा शोध शेजारच्या शकुबाईनं लावला. विणकरांच्या घरी हातमोज्यांनी चुलीवरची भांडी उतरवू लागले. मोठ्या टोप्या उन्हात तापणाऱ्या मोटारसायकलच्या सीटवर गेल्या, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, पोलीस पाटलाच्या गाडीच्या दोन्ही मुठींवर दोन लाल हातमोजे होते. त्याच्याशी बोलणंच बंद होतं.

बाहुलीच्या डोक्याला बसतील अशा काही फारच लहान टोप्या होत्या. त्या कोणाच्याच कामाच्या नव्हत्या. मिठाच्या बरण्यांवर वगैरे गेल्या. त्यातली एक पांढरी मी चर्चच्या माइकवर घातली. तो फार खरखर करत असे.

आता डिसेंबरचं. कवडूची सून मेघा आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, दीड किलोची. जिल्ह्याच्या दवाखान्यात वीस दिवस काचेच्या पेटीत ठेवून घरी सोडली, आणि डॉक्टरांनी बजावलं की बाळ आईच्या छातीशी धरायचं आणि डोकं एक क्षणही उघडं ठेवायचं नाही. त्या आठवड्यात थंडी खरोखरच कडाक्याची होती (या वेळी शंकरपटाचा काही संबंध नाही). सुती फडकं बांधलं की निसटायचं. तुमसरच्या बाजारात मिळाली ती सगळ्यात लहान टोपी बाळाच्या हनुवटीपर्यंत आली.

नाताळानंतरचा रविवार होता. मी उपदेश करत होतो, नऊ माणसं ऐकत होती, आणि दारात कवडू येऊन उभा राहिला. आजवर तो चर्चची पायरी चढला नव्हता. मी थांबलो. त्यानं चपला काढल्या, परत घातल्या. शेवटी म्हणाला, "अंकुश, ते... डोक्याचं. बारकं. हाय का एखादं?" टोपी हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. मी काही बोलायच्या आधीच त्याची नजर माइकवर गेली.

मी टोपी काढली. माइक किंचाळला. उपदेश तिथेच संपला (विषय क्षमेचा होता, पूर्ण झाला नाही). रीतानं ती गरम पाण्यातून काढली, दगडावर उन्हात वाळवली आणि स्वतः नेऊन बाळाला घातली. माप जणू घेऊनच विणलेलं.

त्यानंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. मेघा पोर छातीशी धरून बसलेली. कवडू दाराशी खुर्ची टाकून, येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावत होता आणि बिडीवाल्यांना हाकलत होता. पोलीस पाटलाचा अधिकार त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वापरला. मी रोज दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. आम्ही धानाच्या भावाबद्दलही बोललो नाही. बोललो तर काहीतरी बिघडेल असं दोघांनाही वाटत होतं. फेब्रुवारीत एक दिवस गावच्या आशा कार्यकर्तीनं, गुंजननं, पोरीला काट्यात घातलं आणि आतूनच ओरडली, "अडीच किलो!" कवडू उठला, अंगणात उभ्या गाडीजवळ गेला, मुठीवरचा हातमोजा काढला, त्यानं तोंड पुसलं आणि परत चढवला.

तर अहवाल असा आहे. एवढ्या टोप्यांतली एकच टोपी, जिच्यासाठी विणली तिच्या डोक्यावर बसली. आज्यांना आमचे मनापासून आभार कळव आणि नम्रपणे सांग की आता इथे कशाचीही गरज नाही, यापुढे लोकर पाठवू नये.

तिथल्या घरोघर जाऊन लोकांना चर्चमध्ये बोलवायचं तुझं काम कसं चाललं आहे? त्यांच्या पणजोबांनी बैलगाडीतून येऊन आपल्या पणजोबांना बोलावलं, आता तू बस पकडून त्यांना बोलावून राहिलीस. ते आपल्याइतकीच कारणं सांगतात का, तेवढं कळव.

तुझा,
अंकुश

ता.क. वरचा लोकरीबद्दलचा मजकूर कृपया रद्द समजावा. हे पत्र पाकिटात घालताना ललिताबाई आल्या आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा एक कागद देऊन गेल्या. तो सोबत जोडला आहे. गुंजनच्या वहीत यंदा अकरा गरोदर बायकांची नावं आहेत, त्यांच्यासाठी बारक्या टोप्या हव्यात. माप: मध्यम आकाराचं मोसंबं ते लहान नारळ. ठराव एकमतानं झाला. सूचक म्हणून कवडूची सही आहे.

ता.क. दुसरा. आज्यांनी आजच विणायला बसावं. समुद्राला वेळ लागतो. त्या कचरत असतील तर पडद्यावर टाक की इथे फार थंडी आहे. (आत्ता मी पंख्याखाली बसलो आहे.)

ता.क. तिसरा, आणि हा पडद्यावर नको. माइकवरच्या टोपीतली चिठ्ठी मी काढली नव्हती. रीतानं धुताना ती सोडवून ठेवली. त्यावर लिहिलं होतं, "इसोबेल, वय ८८. सगळ्यात लहानासाठी." कवडूनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि रेशनकार्डात ठेवून दिली. पोरीचं बारशाचं नाव तेजस्विनी आहे, पण घरात तिला सगळे इसाबाई म्हणतात आणि ती त्याच हाकेनं रडायची थांबते. त्या आजी असतील तर त्यांच्याजवळ बसून एवढं सांग. मी कवडूला म्हटलं, बाबा, सांभाळून, लोक म्हणतील नाव पाद्र्यानं ठेवलं, कोणीतरी तक्रार करेल. तो म्हणाला, "करू दे ना. तक्रार माह्याकडेच येते."