उलटं लागलेलं रीळ

अण्णा, डोळ्याभोवती काळं कडं असलेला तुमचा तो कुत्रा मला शनिवारी पुन्हा भेटला. इथे टेक्ससमध्ये, अर्विंगच्या लायब्ररीत, मुलांच्या डीव्हीडींच्या फळीवर. डबीवरच्या फोटोत पोरांच्या टोळीत बसलेला, जीभ बाहेर काढून. माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, तुमच्या नातीने, ती डबी उचलली आणि मी भर लायब्ररीत "अगं बाई!" म्हणून ओरडले. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या ओळखीचं कुणी मला या देशात भेटलं नव्हतं.

तुम्ही टॉकीजमध्ये ऑपरेटर होता आणि शनिवारी सकाळी शाळेच्या मुलांसाठी ते जुने, विनोदी मूकपट लावायचा. आई गेली त्या वर्षी घरी मला बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी तुमच्याबरोबर केबिनमध्ये. आठ वर्षांची मी स्टुलावर उभी राहून भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडदा बघते आहे, मागे मशीन खडखडतं आहे, आणि तुम्ही सांगताय, "ती तीट आहे. एवढा गुणी कुत्रा, दृष्ट नको लागायला. लावणाराचा हात जरा सैल सुटला, एवढंच." मला ते पटलं. अमेरिकेत कुत्र्यांनाही तीट लावतात, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेबद्दल मला तेवढंच ठाऊक होतं.

मग एका शनिवारी ते कडं दुसऱ्याच डोळ्याभोवती आलं. "अण्णा, डोळा कसा बदलला?" मी विचारलं. तुम्ही मशीनमध्ये डोकं घातलंत आणि मग म्हणालात, "रीळ उलटं लागलं माझ्याकडून. डाव्याचं उजवं झालं." झालं! मी त्या भोकाला तोंड लावून खाली ओरडले, "आमच्या अण्णांनी रीळ उलटं लावलंय!" पोरांनी शिट्ट्या मारून, खुर्च्या आपटून टॉकीज डोक्यावर घेतली. मॅनेजरसाहेब तरातरा वर आले. पडद्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "इतकी वर्षं काम करता आणि रीळ उलटं लावता?" तुमच्याजवळ उत्तर होतं, पण तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं, साहेब." ते गेल्यावर मी रडायला लागले, तेव्हा मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांडीची काजळी बोटावर घेऊन तुम्ही माझ्या डोळ्याभोवती कडं काढलंत. मी तशीच बाजारातून मिरवत घरी गेले.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या लेखी धांदरट. लग्नानंतर नवऱ्याला मी ही गोष्ट हसवायला म्हणून सांगितली, तर तो पोट धरून हसला होता. तेव्हा आम्ही दोघं पुष्कळ हसायचो. दीड वर्षापूर्वी तो दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाच्या प्रोजेक्टवर गेला. इथे निम्म्या घरांतला बाबा सोमवारी विमानाने क्लायंटकडे जातो आणि गुरुवारी परततो, त्यात कुणाला काही वाटत नाही. मग आमचे गुरुवार कमी होत गेले. या मार्चमध्ये फोनवर म्हणाला, "मी आता परत येत नाहीये. इथे कुणीतरी आहे. समजून घे यार." तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, प्रोजेक्ट एक्स्टेंड झालाय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी टोकलंच, "अगं, एवढा लांब प्रोजेक्ट?" "हो ना काकू, काय करणार," म्हणाले आणि चपलांच्या ढिगात उगाच स्वतःच्या चपला शोधत बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्हीच म्हणायचा. पण मूठ सारखी झाकून हात दुखतो, अण्णा. फार एकटं वाटतं. ऑफिसातून आल्यावर पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी जरा वेळ तशीच बसून राहते.

तर शनिवारी आम्ही दोघी सोफ्यावर बसून ती डीव्हीडी बघत होतो. तिसऱ्या सिनेमात डोळा बदलला. मी सवयीने सांगणार होते की रीळ उलटं लागलंय, तेवढ्यात कुत्र्याच्या मागे दुकानाची पाटी दिसली. अक्षरं सरळ होती. रीळ उलटं असतं तर पाटीही उलटी दिसली असती. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. तिसरीतल्या मला ती अक्षरं म्हणजे नुसती नक्षी होती, आणि तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की पहिला कुत्रा मेल्यावर त्याच्या पिल्लाला दुसऱ्या डोळ्याभोवती कडं रंगवून त्याच्या जागी घेतलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की बघूनच ओळखलंत, कोण जाणे. आई गेली त्या वर्षी आणखी कुणी गेल्याचं तुम्ही माझ्या कानावर येऊ दिलं नाहीत. त्यापायी बोलणी खाल्लीत, आणि मी आयुष्यभर तुम्हाला हसले.

"आई, दॅट्स नॉट द सेम डॉग," लेक म्हणाली. डीव्हीडीला कुठलं आलंय रीळ? मी खरं ते सांगितलं. पहिला गेला, हा त्याचा मुलगा. ती रडली नाही. जरा विचार करून म्हणाली, "दे शुड हॅव जस्ट टोल्ड द किड्स." मग टीव्हीकडे बघतच विचारलं, "इज बाबा कमिंग धिस वीक?"

"प्रोजेक्ट एक्स्टेंड झालाय गं."

"ओके," ती म्हणाली. किती दिवस, असं विचारलं नाही. पूर्वी विचारायची.

तुम्हाला धांदरट म्हटल्याची माफी मागायला मी हे लिहायला बसले. कुठे पाठवणार म्हणा. ती माफी तर मागतेच, पण खरं कारण ते नाही. मीही घरात रीळ उलटं लागल्याचं सांगून ठेवलंय, अण्णा, आणि माझ्या लेकीला पाटी वाचता येते.