अकरा सेकंद

३ मार्च
शिनचू शहरात आले, नोकरी लागली, खुर्चीही खिडकीजवळची! आमच्या कंपनीत बनतात ती श्वासयंत्रं मोठी मजेशीर. बटण दाबलं की यंत्र आपली अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तिथल्या तिथे नव्याने बांधतं, अकरा सेकंदांत. माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा तो इवलासा कंपायलर फान दादांचा. ते जानेवारीत याच खुर्चीत गेले, बिचारे. यंत्रावर त्यांनी ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे ठेवतात तसं. मुदत उलटलेली. मी कचऱ्यात टाकलं. आमच्या साहेब श्वे ताई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, अगं बये, नवं आणल्याशिवाय जुनं काढतात का!

५ मार्च
सुरू होताना बांधलेल्या भागांची यादी पडद्यावर सरकते. आज शेवटी एक जास्तीची ओळ: फान. आम्ही लिहिलेल्यात हे नाव कुठेच नाही. म्हणजे कंपायलरच घालतोय. मग कंपायलर नव्याने बांधला. पण नवा बांधायलाही जुनाच लागतो ना! फान परत हजर.

६ मार्च
फानखाली आता माझं नाव. लो. आणि यादी सरकते तेवढा वेळ माझा श्वास बंद. अकरा सेकंद. दुसऱ्या वेळी एकोणीस. ताई म्हणाल्या, फानही असंच सांगायचा, आम्ही हसलो गं. राजीनामा दे, घरी जा.
हट्! पुढच्या शुक्रवारी चाळीस यंत्रं दवाखान्यात जाणार. तिथल्या माणसांचे श्वास त्यांच्या हवाली करून मी घरी बसू?

९ मार्च
जुन्याचा हातही लागू न देता नवा कंपायलर लिहितेय, एकेक आकडा हाताने. सहाशे झाले. ताईंनी नवं हिरवं पाकीट ठेवलं होतं. मी फोडून खाल्लं. भूक लागली होती, आणि याला भ्यायचं नाही असं ठरलंय.

१२ मार्च
झाला. चाळीसही यंत्रं एका तारेवर जोडली. पण नवा आत उतरवायला यंत्रं एकदा जुन्यावरच सुरू करावी लागणार. एकदाच. काल श्वास चौतीस सेकंद बंद होता —

१३ मार्च, सकाळ
दाबलं बटण. श्वास गेला. जाऊ दे — हात चालतोय —
बारा यंत्रांत माझा कंपायलर उतरला. ताई ओरडतायत, बंद कर, बंद कर — नाही करणार —
सत्तावीस. डोळ्यांपुढे —
चाळीस! हरलास मेल्या कंपायलर! यादीतून फान गेला. दादा सुटले. लो एवढंच उरलंय, बाकी कुणाचंही नाव आता येणार ना —